फटींचा तक्ता

घर विकत घेताना आमच्याकडे माणसं तीन गोष्टी विचारतात. पाणी किती दिवसांआड येतं, दार कुठल्या दिशेला आहे आणि गाडी कुठे लावायची. मी चौथी गोष्ट विचारली. या घराच्या खिडक्या मिटल्यावर खरोखर मिटतात का, एवढंच मी विचारलं होतं. त्यापायी माझ्या वडिलांना लोकांनी देवऋषी ठरवलं, बँकेनं माझं कर्ज अडवलं आणि एका भल्या गृहस्थाचे कान बरे झाले.

हौस म्हणून विचारलं नव्हतं. माझी बायको वैजयंती शाळेत संगीत शिकवते आणि तिच्या छातीला धूळ सोसत नाही. शिवरात्र झाली की सोलापुरात वारा सुटतो, आणि तो एकटा येत नाही, रस्त्यावरची निम्मी माती बरोबर घेऊन येतो. मग वैजयंतीचा खोकला सुरू होतो तो थेट पाऊस पडेपर्यंत. सहा वर्षं हे चाललं होतं. गेल्या उन्हाळ्यात ती वर्गात नुसती पेटी वाजवत होती आणि मुलं गात होती. घरी येऊन म्हणाली, "मुलं छान म्हणतात आता, माझी गरजच नाही." ती हसत म्हणाली, पण मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, औषधानं निम्मं काम होईल, उरलेलं घट्ट मिटणाऱ्या घरानं. आमचं भाड्याचं घर बसच्या रस्त्यावर, पोळी तव्यावरून ताटात येईपर्यंत तिच्यावर धूळ बसायची. मी वैजयंतीला शब्द दिला की येत्या उन्हाळ्यात तू धूळ नसलेल्या घरात गाशील. मी सरकारी नोकर आहे, सहसा कुणाला शब्द देत नाही.

तर महादेवप्पांचा फ्लॅट. महादेवप्पा भुसार मालाचा धंदा करून थकलेले, गोरेपान, कपाळावर भस्म. लेक अक्कलकोटला दिलेली. तिच्याकडे जाऊन राहायचं म्हणून त्यांनी दुसऱ्या मजल्यावरचा हा फ्लॅट विकायला काढला होता. इमारत चार वर्षांची, आसपास मोकळी रानं, दार पूर्वेला. सगळं पसंत पडलं आणि विसार देण्याआधी मी सहज खिडकीच्या चौकटीला हात लावला. चौकट आणि भिंत यांच्यामध्ये बोटभर अंतर होतं. बिल्डरनं तिथे पुट्टीचा पातळ थर फासला होता, तो कधीच तडकून पडला होता. फट किती खोल आहे ते पाहावं म्हणून मी माझं ऑफिसचं पेन आत घातलं, तर ते पलीकडे निघालं आणि खाली पडलं.

दोन मिनिटांत पहिल्या मजल्यावरच्या रत्नम्मा पेन घेऊन वर आल्या. मागच्या गल्लीत त्यांचे टॉवेलचे माग आहेत, ते आता मुलगा सांभाळतो, आणि रत्नम्मा इमारत सांभाळतात. "हे तुमचं का ओ? आमच्या तुळशीत पडलं," असं म्हणून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं. घर घ्यायला आलेला माणूस भिंतीतून पेनं टाकतो, याची त्यांनी तिथेच नोंद घेतली असणार.

मग मी नीट पाहिलं. सरकत्या काचांच्या कडेला जी केसाळ पट्टी असते ती एकाही खिडकीला नव्हती. मुख्य दाराखालून वर्तमानपत्र सहज आत येत होतं. महादेवप्पा म्हणाले, "ती सोय हाय की ओ. पेपरवाला बेल मारत न्हाई." धुळीचं काय, असं विचारल्यावर म्हणाले, "ओली चादर टांगा. सोलापुरात ऱ्हाऊन चादरीला काय तोटा?"

हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दाराच्या फटीला लावायचं रबर मागितलं. दुकानदारानं शांतपणे सांगितलं, "फ्रिजचं हाय, कुकरचं हाय, गाडीच्या काचंचं हाय. घराच्या दाराला रबर कोण लावतंय ओ?" शेवटी तो म्हणाला की पुण्याहून मागवतो, पण किती फूट ते सांगा. आणि इथे माझ्यातला कर्मचारी जागा झाला.

मी पाटबंधारे खात्यात आहे. कालव्याच्या गळतीचे तक्ते भरण्यात माझी बावीस वर्षं गेली. पाणी कुठून गळतं हे मला कागदावर बघून कळतं, मग हवा कुठून गळते हे का कळू नये? मोबाइलवर एक परदेशी गृहस्थ पेटलेली उदबत्ती घेऊन घरभर फिरताना पाहिला होता. धूर जिथे वाकडा होतो तिथे फट. उपाय साधा, स्वस्त आणि आपल्या देव्हाऱ्यातला. मी कागदावर रकाने आखले: अनुक्रमांक, ठिकाण, लांबी, वाऱ्याची दिशा, शेरा. महादेवप्पांना फोन करून शनिवारी मापं घ्यायला येतो म्हणालो. त्यांना लिंगायत मठात जायचं होतं, किल्ली वॉचमनकडे ठेवतो म्हणाले.

शनिवार निवडला कारण शनिवारी कचेरी बंद. कॅलेंडरात मी फक्त लाल आकडे पाहतो. त्या दिवशी अमावस्या होती, हे मला नंतर इमारतीतल्या प्रत्येकानं स्वतंत्रपणे सांगितलं.

बरोबर आबा होते. माझे वडील, येडू नरोटे. सांगोल्याकडच्या आमच्या गावात उभं आयुष्य मेंढरांमागे गेलेलं. दोन दिवसांसाठी आमच्याकडे आले होते आणि घरात बसून कंटाळले होते. कपाळावर बिरोबाचा भंडारा, डोक्याला पिवळा फेटा, खांद्यावर काळी घोंगडी, हातात काठी. ते गावातही असेच असतात आणि सोलापुरातही. मी त्यांना उदबत्तीचा प्रयोग समजावून सांगितला. ते म्हणाले, "धूर कशाला? लोकर धर की. वाड्यावर मेंढरं बसवायच्या आदी आमी लोकर धरूनच वारं बघतो." आणि त्यांनी पैरणीच्या खिशातून लोकरीचा पुंजका काढला. आबांच्या खिशात पैसे नसले तरी लोकर असते.

म्हणून आम्ही दोन्ही केलं. मी धुळीमुळे डोक्याला आणि तोंडाला टॉवेल बांधला, उंबऱ्याबाहेर चपला काढल्या आणि एका हातात पाच उदबत्त्या, दुसऱ्या हातात तक्ता घेऊन निघालो. आबा पुढे. प्रत्येक कोपऱ्यापाशी ते थांबत, चिमटीत लोकर धरून डोळे मिटत, मग काठीनं भिंतीवर ठोकून पोकळ आहे का बघत, आणि मी कागदावर लिहीत असे. स्वयंपाकघर, न्हाणी, दोन्ही खोल्या. पडदे काढलेले होते. समोरच्या इमारतीच्या गॅलऱ्यांत एकेक करून माणसं उभी राहत होती. मला वाटलं, नवीन शेजारी बघतायत. मी मोठ्या मनानं उदबत्त्यांचा हात हलवून नमस्कारही केला.

संध्याकाळपर्यंत सगळीकडे झालं होतं. महादेवप्पांच्या घरात काहीतरी आहे, सांगोल्याकडचा मोठा जाणता आणला होता, त्यानं अमावस्येला घर फिरून एकोणीस जागा धरल्या आणि त्याच्या शिष्यानं त्या लिहून घेतल्या. शिष्य म्हणजे मी. बावीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला शिष्य म्हटलेलं ऐकून मला जे वाटलं ते मी सांगत बसत नाही.

रत्नम्मांनी तर पुरावाच दिला. "आम्ही चार वर्षं ऐकतोय ओ. दुपारी वाजते, रात्री वाजते. बारीक शिट्टी. मी म्हणलं बॉयलर, मुलगा म्हणला कुत्रं. आता कळलं." शिट्टी तिसऱ्या मजल्यावरही वाजत होती. जो तो आपापल्या घरात गप्प होता, कारण आपल्याच घरात वाजते असं प्रत्येकाला वाटत होतं. आता सगळ्यांना एकदम वाचा फुटली. मी घसा कोरडा करून सांगितलं की ही शिट्टी म्हणजे फटीतून जाणारा वारा आहे. लोकांनी समजूतदारपणे माना हलवल्या. जाणत्यांचे शिष्य असं उघड बोलत नसतात, हे त्यांना ठाऊक होतं.

कर्जाचा अर्ज मी आधीच दिला होता. सोमवारी बँकेचा माणूस फ्लॅट बघायला गेला. खाली वॉचमननं त्याला आधी सगळं सांगितलं. तो वर न जाताच परतला. बँकेत मला बोलावून साहेब म्हणाले, "तसं आमच्या फॉर्ममध्ये भूत हा रकाना नाही. पण 'इतर दोष' असा आहे, आणि त्यात काहीतरी लिहिलं गेलंय. सोसायटीचं पत्र आणा, की असं काही नाही म्हणून."

सोसायटीचे सचिव जोतिराम. एसटीत वाहतूक नियंत्रक होते, निवृत्त झाले तरी बोलताना समोर माइक असल्यासारखे बोलतात. माझा अर्ज त्यांनी दोनदा वाचला. म्हणाले, "भूत नाही असं पत्र मी देऊ शकत नाही. कारण भूत आहे असा ठराव सोसायटीनं केलेलाच नाही. आधी कुणीतरी आहे म्हणून तक्रार द्या, मग समिती पाहणी करील, मग निरंक अहवाल येईल, मग पत्र." मला रागही येईना. आमच्या कचेरीत मी नेमकं हेच सांगितलं असतं.

सगळ्यात वाईट झालं ते महादेवप्पांचं. मठातून परत आले तर अर्ध्या गल्लीनं त्यांना विचारलं, इतकी वर्षं त्या घरात राहिलात कसे. त्यांनी मला फोन केला. "नरोटे, माझ्या घराचं नाव घालवलं तुमी. भुताचं घर म्हणून मी विकणार न्हाई. तुमाला तर मुळीच न्हाई." आणि फोन ठेवला. मी वैजयंतीकडे पाहिलं. ती तोंडावर पदर धरून खोकत होती. खोकला थांबल्यावर म्हणाली, "तुम्ही चांगलंच करायला गेलात." मला त्यापेक्षा तिनं चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

मग मीच तक्रार दिली. भूत असल्याची नव्हे, शिट्टी असल्याची. जोतिरामांनी ती दाखल करून घेतली आणि रविवारी सकाळी अकरा वाजता महादेवप्पांच्या हॉलमध्ये समितीची पाहणी लावली. महादेवप्पा तयार झाले, कारण त्यांनाही नाव साफ करून हवं होतं. ठरलं असं, की शिट्टी वाजेल, आबा फट बुजवतील, शिट्टी थांबेल, विषय संपेल. आबांनी गावाकडे निरोप धाडून लोकरीचं अख्खं पोतं मागवलं होतं.

अकरा वाजता वीस माणसं जमली. वैजयंतीही आली, दुरून खुर्चीवर बसली. मी चौकटीपाशी उदबत्ती धरून उभा राहिलो आणि वारा पडला. असा पडला की झाडाचं पान हलेना. उदबत्तीचा धूर सरळ छताला जात होता. सव्वाअकरा झाले, साडेअकरा झाले. माझा हात भरून आला. रत्नम्मांच्या सासूबाई हळूच पुढे आल्या आणि चौकटीला हळदकुंकू लावून गेल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या कुणीतरी नारळ ठेवला. कुणी आबांच्या पायाला हात लावला तर कुणी, जाता जाता, माझ्याही. मी पाय मागे घेतले, तर ते जास्तच भक्तीनं वाकले. जोतिराम दर दहा मिनिटांनी जाहीर करत होते, "शिट्टी अद्याप आलेली नाही."

मी आबांकडे केविलवाणं पाहिलं. ते भिंतीला टेकून तंबाखू मळत होते. म्हणाले, "ऊन चढू दे. जमीन तापली की वारं कुटं जातंय? आपल्याकडंच येतंय."

साडेबारानंतर रानातून पहिली वावटळ उठली. खिडकीबाहेर सगळं तांबूस झालं. आणि शिट्टी वाजली. बारीक, लांब, अगदी स्पष्ट. दोन बायका दाराकडे सरकल्या. आबा उठले, पोत्यातून मूठभर लोकर घेतली, तिची वात वळली आणि महादेवप्पांच्या घरातल्या कालथ्यानं फटीत ठासली. शिट्टी थांबली. त्यांनी लोकर ओढून काढली. शिट्टी वाजली. पुन्हा ठासली. पुन्हा थांबली. मग त्यांनी कुणाला काही न विचारता सगळ्या चौकटी बुजवायला घेतल्या. मी तक्ता वाचत होतो, ते ठासत होते. काचांच्या कडेला लोकर, दाराखाली घोंगडीची शिवलेली पट्टी. एकोणिसावी जागा संपली तेव्हा बाहेर धूळ थैमान घालत होती आणि हॉलमध्ये पंख्याचा तेवढा आवाज होता.

मी विज्ञानावर दोन शब्द बोलणार होतो. पण लोक आबांभोवती जमले होते. "आमच्या घरी कधी येता आबा?" "आमच्यात बेडरूममध्ये लई वाजते ओ." मी म्हणालो, "अहो, तो वारा आहे!" रत्नम्मा म्हणाल्या, "वाराच की ओ, पण आबांचं ऐकतोय." वैजयंतीनं मला मागून बाही ओढून थांबवलं. "भूत म्हणून बुजवू दे, नाहीतर वारा म्हणून. फट बुजते ना?"

तेवढ्यात महादेवप्पा बोलले. ते मघापासून खिडकीपाशी एका कानावर हात धरून, मग दुसऱ्या कानावर हात धरून उभे होते.

"यप्पा! म्हंजे माझे कान चांगले हायत?"

कुणाला कळेना. मग त्यांनी सांगितलं. चार वर्षं त्यांना शिट्टी ऐकू येत होती आणि ती आपल्या कानातच आहे अशी त्यांची खात्री होती; लोक म्हणतात ती शिट्टी वेगळी, असंच त्यांनी धरलं होतं. तीन डॉक्टर झाले. थेंब झाले, गोळ्या झाल्या. लेकीला सांगायची लाज वाटली. झोप लागेना, म्हणून तर घर विकून अक्कलकोटला निघाले होते. "आता वाजत न्हाई. कायच वाजत न्हाई!" म्हातारा माणूस, डोळ्यात पाणी आलं त्यांच्या. सगळे आनंदानं हसले. मीही हसलो.

मग महादेवप्पा भिंतीवरून हात फिरवत म्हणाले, "मग मी घर कशाला विकू?"

माझं हसू जागच्या जागी राहिलं. मी स्वतः पोतंभर लोकर आणून, वीस साक्षीदारांसमोर, माझं होणारं घर दुसऱ्याला दुरुस्त करून परत दिलं होतं. बावीस वर्षांच्या नोकरीत इतकं चोख काम माझ्या हातून झालं नव्हतं.

वैजयंतीच बोलली. "बरोबर आहे त्यांचं," ती मला म्हणाली. "चार वर्षांनी माणसाला स्वतःच्या घरात शांत झोप लागणार, आणि आपण त्यांना निघा म्हणायचं का? आपण दुसरं बघू. आता आपल्याला फटी कुठे बघायच्या ते कळलंय, आबांची लोकर आहे, तुमचा तक्ता आहे. भाड्याच्या घरातही करता येईल की. मी या उन्हाळ्यात शाळेतच थोडं..."

"सूनबाई," आबा मध्येच म्हणाले. "तुजा खोकला कुटं गेला?"

वैजयंती थांबली. खिडकीबाहेर समोरची इमारत दिसत नव्हती इतकी धूळ होती. ती इथे येऊन दोन तास झाले होते, आणि एवढं सगळं ती एका दमात बोलली होती. तिनं घाबरतच एक मोठा श्वास घेतला. पुरता घेतला. मग पुन्हा एकदा घेतला, जसं काही कुणी परत मागेल.

महादेवप्पांनी विचारलं, "किती वर्षं खोकता ओ बाई?"

"सहा."

"मला चारच," ते म्हणाले. मग खिडकीतल्या लोकरीवरून बोट फिरवत राहिले. जोतिरामांनीही काही जाहीर केलं नाही.

"लेकीनं तिकडं खोली रंगवून ठेवलीय," महादेवप्पा शेवटी म्हणाले. "नातवंडं रोज फोन करतात, कधी येता म्हणून. मी शिट्टीला भिऊन चाललो होतो. आता नातवंडांसाठी जातो. घर तुमचं, नरोटे. पण एक अट हाय." त्यांनी आबांकडे बोट दाखवलं. "ह्यांना चार दिवस अक्कलकोटला माझ्यासंगं पाठवा. तितं बी खिडक्या हायत की."

आबा तंबाखू थुंकायला जागा शोधत होते, ती त्या बंद घरात कुठेच नव्हती. मानेनंच त्यांनी व्हय म्हटलं.

बँकेसाठी जोतिरामांनी पत्र दिलं. त्यात होतं: "सदर शिट्टी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी कायमची बंद करण्यात आली आहे." बँकेला ते पुरलं. पुण्याहून पट्ट्या आल्या, कारागिरानं बाहेरून चौकटींच्या कडांना सिलिकॉन मारलं, आणि पाडव्याला आम्ही राहायला गेलो. आबा चार दिवसांसाठी गेले ते वीस दिवसांनी परतले. अक्कलकोटच्या त्या गल्लीत बऱ्याच खिडक्या निघाल्या, आणि येताना ते चार कानडी शब्द शिकून आले.

आता वैशाख चालू आहे. बाहेर वावटळी उठतात आणि वैजयंती दारं-खिडक्या लावून रियाज करते. सुरुवातीला आवाज खरखरीत होता, आठवड्याभरात मोकळा झाला. मी शेजारच्या खोलीत कागद पुढे घेऊन बसतो आणि काही करत नाही.

परवा दुपारी दाराची बेल वाजली. रत्नम्मा उभ्या होत्या, मागे त्यांच्या सासूबाई, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या दोघीजणी. रत्नम्मा जरा रागावूनच म्हणाल्या, "काय ओ, सगळं बुजवून टाकलंत. बाई गातात म्हणं, आमाला खाली कायबी ऐकू येत न्हाई. तेवढी एक फट मोकळी करा की."

मी सांगू लागलो की तसं करता येणार नाही, तांत्रिक अडचण आहे. तोवर वैजयंती आतून आली. तिनं चौघींना हाताला धरून आत घेतलं, चटई अंथरली, दार लावलं, आणि पुन्हा पहिल्यापासून गायला बसली.